किस्सा वाचा, मग सनद विचारा

गेल्या रमजानच्या आधी आमच्याकडे तरुणांसाठी एक मजलिस झाली. बोलणारे साहेब मोबाईलवर घसरले, रील्सवर घसरले, आणि शेवटी कादंबऱ्यांवर आले. नॉवेल म्हणजे झूट, झूट वाचून दीन कळत नाही, ज्याला इस्लामचा इतिहास पाहिजे त्याने आलिमांच्या किताबा वाचाव्यात, किस्से-कहाण्यांत वेळ घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. मी बायकांच्या बाजूला कनातीआड बसले होते. उठून बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं त्यांच्याशी भांडण आहे. पण ते अर्धंच आहे. मजलिस सुटल्यावर बाहेर मोटारसायकलींवर बसून त्यांना हसणाऱ्या पोरांशी उरलेलं अर्धं आहे. त्यातल्या एकाने तेवढ्यात घोड्यावरच्या तलवारबाजाचा व्हिडिओ स्टेटसला लावला. त्याच्या लेखी तोच इस्लामचा इतिहास. साहेब दार बंद करायला निघाले होते आणि ही पोरं उंबऱ्यावरच पथारी टाकून बसली होती. घरात जायची इच्छा दोघांनाही दिसली नाही.

आधी माझी बाजू सांगते. मी वसमतची. अब्बा शिलाईकाम करायचे. माझ्या शाळेच्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असं होतं की संध्याकाळ म्हणजे अंधार हे ठरलेलं. पायमशीन विजेशिवाय चालतं, पण कंदिलाच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. पुस्तकातली अक्षरं मात्र दिसतात. म्हणून लाईट गेली की अब्बा मशीन सोडून पेटीतून एखादी उर्दू नॉवेल काढायचे आणि आम्हा भावंडांना वाचून दाखवायचे. मी मराठी शाळेतली. मला उर्दू बोलता यायची, वाचता येत नव्हती. त्यामुळे अब्बांचा आवाज हीच माझी किताब होती.

त्या पेटीत नसीम हिजाजी होते. १९१४ साली पंजाबात जन्मलेला आणि १९९६ साली पाकिस्तानात वारलेला हा लेखक आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी भारतातल्या उर्दू घरांतही झपाटून वाचला. मी पहिली ऐकली ती ‘शाहीन’. स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, गरनाता म्हणजे ग्रॅनडा, त्याचा अंत. कित्येक रात्री ती चालली. ग्रॅनडाची शिबंदी संपत आली तशी मी रडू लागले. पाठीला मिरच्यांची पोती, समोर कंदील, आणि मी वसमतमध्ये बसून स्पेनसाठी रडत होते.

आता ज्यांना कादंबरी झूट वाटते त्यांनी पुढचं ऐकावं. ती संपल्यावर मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात स्पेन शोधला. मग ग्रॅनडा शोधलं. मग तारीख शोधली: २ जानेवारी १४९२. मग कादंबरीचा नायक शोधायला गेले आणि तो कुठेच मिळेना. अब्बांना विचारलं. ते म्हणाले, “उसकू तो लिखनेवाले ने बनाया, बेटा.” मला इतका राग आला! म्हटलं, मग तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत? अब्बा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मेरेकू इत्ताच मालूम. आगे का तू पढ, मेरेकू बता.”

दीनच्या इतिहासावर माझं प्रेम जडलं ते तिथे. मदरशातल्या सुट्टीच्या वर्गात मला खलिफांची नावं पाठ करायला लावली होती. ती पाठ झाली आणि विसरलेही. कादंबरीने एक माणूस दाखवला, त्याच्यासाठी रडवलं, आणि तो नव्हताच हे कळल्यावर खरं काय होतं हा प्रश्न कायमचा डोक्यात सोडून दिला. पाठांतराने असा प्रश्न कधी पडला नव्हता.

मजलिसमधल्या साहेबांना मला एवढंच विचारायचं आहे: गोष्ट सांगून दीन शिकवणं ही कुठली नवी गोष्ट आहे? कुरआनातली सूरह यूसुफ एका कुटुंबाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते आणि तिला सर्वोत्तम वृत्तान्त म्हटलं आहे. इस्लामच्या पहिल्या शतकांत मशिदींत आणि बाजारांत किस्से सांगणारे असत, त्यांना कुस्सास म्हणत. ते भरमसाट सांगत, लोकांना रडवत, मधूनच मनाचं घुसडत. बाराव्या शतकात बगदादच्या इब्न अल-जौजींनी याच लोकांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. ते स्वतः मोठे वाइज होते, त्यांच्या वाजला गर्दी लोटायची. खोट्या किस्सेवाल्यांना त्यांनी झोडपलं, पण किस्सा सांगणंच हराम असं म्हटलं नाही. काय सांगता, कुणाच्या आधारावर सांगता, ऐकणाऱ्याला कुठे नेता, हे तपासा असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक उदाहरण. प्रेषितांचं सर्वांत जुनं सविस्तर चरित्र आठव्या शतकात इब्न इसहाक यांनी रचलं. ते आज आपल्या हातात आहे ते मुख्यतः इब्न हिशाम यांनी संपादित केलेल्या रूपात. इब्न हिशाम यांनी ज्या कविता त्यांना बनावट वाटल्या, त्या कापल्या, आणि आपण काय गाळतो आहोत ते सांगून कापल्या. एवढ्या पाक विषयावरच्या किताबेलाही चाळणी लावली गेली, आणि ती लावली मुसलमानांनीच. जाळून मात्र कुणी टाकली नाही. प्रेम करा आणि तपासा, ही आपलीच रीत आहे. हदीसच्या इल्ममध्ये तिला नाव आहे: सनद. ही बात तुला कुणी सांगितली, त्याला कुणी सांगितली, तो माणूस विश्वासाचा होता का?

हीच सनद मला आता मोटारसायकलवरच्या पोरांना विचारायची आहे.

मला तुमचा तिरस्कार नाही. तुम्ही त्या घोड्याजवळ का जाता हे मला आतून माहीत आहे. चौथीत असताना इतिहासाच्या तासाला अफझलखानाचा धडा चालला होता. बाईंनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती माझी मैत्रीण होती, डब्यातली पोळी वाटून खाणारी. नुसतं बघितलं. मी नऊ वर्षांची, आणि विजापूरच्या एका सरदाराचा हिशेब माझ्याकडे मागितला जातोय असं मला वाटलं. त्यानंतर कित्येक वर्षं हिजाजींचे घोडेस्वार मला औषधासारखे वाटले. आपणही कधी जिंकलो होतो, आपणही कधी उंच मानेने चाललो होतो. हे औषध कडू नसतं, म्हणूनच त्याची मात्रा वाढत जाते.

पण बघा, त्या औषधात काय आहे. सलाहुद्दीन अय्यूबींवरची ‘दास्तान ईमान फरोशों की’ तुमच्यातल्या कित्येकांनी वाचली किंवा ऐकली असेल. पान उलटलं की फितूर, पान उलटलं की हसीन जासूस बाई. आपले लोक हरतात ते नेहमी गद्दारीमुळे आणि बायकांच्या जाळ्यामुळे. या गोष्टींवर वाढलेला पोरगा शेजाऱ्याकडे शत्रू म्हणून आणि आपल्यातल्या प्रश्न विचारणाऱ्याकडे गद्दार म्हणून बघायला शिकतो. बाईकडे कसं बघायला शिकतो ते मी बाई म्हणून सांगायला नको.

हा प्रकार कुठून आला याची सनद मी काढली. उर्दूत ऐतिहासिक कादंबरी रुजवली ती लखनौच्या अब्दुल हलीम शरर यांनी. ते काही काळ हैदराबादेत निजामाच्या सेवेतही होते, म्हणजे आपल्याच मुलखाचा संबंध. वॉल्टर स्कॉटच्या ‘द टॅलिस्मन’ या धर्मयुद्धांवरच्या इंग्रजी कादंबरीने त्यांना डिवचलं. त्यांनी उत्तर म्हणून १८८८ साली ‘मलिकुल अजीज वर्जिना’ लिहिली. तुमच्या कादंबरीत आम्ही कमी, तर आमच्या कादंबरीत तुम्ही कमी. दुखावलेल्या माणसाचं ते उत्तर होतं आणि ते मला समजतं.

पण पुढे काय झालं ते बघा. याच शररांची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘फिरदौस-ए-बरीं’, १८९९ची. हसन बिन सब्बाहच्या पंथाची माणसं भोळ्या तरुणाला नशा देऊन खोट्या जन्नतमध्ये नेतात आणि त्याच्याकडून खून करवून घेतात, अशी ती गोष्ट. रंगते जबरदस्त. पण त्या खोट्या जन्नतची कथा आली कुठून? ती युरोपात फिरली ती धर्मयुद्धांवरून परतलेल्यांच्या तोंडून आणि मार्को पोलोच्या वृत्तान्तातून. इस्माइली इतिहासाचे अभ्यासक फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली यावर पुस्तक लिहून दाखवलं की ही दंतकथा आहे, तिला इतिहासाचा आधार नाही. म्हणजे युरोपच्या कादंबरीने मुसलमानांवर केलेल्या अन्यायाने जो लेखक पेटला, त्यानेच युरोपची एक बदनामी उचलली आणि इस्माइलींच्या माथी मारली. इस्माइली आपल्यापासून लांब नाहीत. मुंबईतले खोजे त्यांचेच, बोहरेही त्यांचेच भाऊबंद. आपल्या गावात बोहऱ्याचं हार्डवेअरचं दुकान असेल तर त्याच्या पोराच्या डोळ्यांनी ती कादंबरी एकदा वाचून बघा. चौथीच्या वर्गात माझ्याकडे वळलेली नजर तुम्हाला ओळखू येईल.

कादंबरीने झालेला अन्याय प्रतिकादंबरीने फिटत नाही, तो पुढच्या माणसाकडे सरकतो. मग काय करायचं? त्याच काळातलं दुसरं उदाहरण आहे. जुर्जी जैदान हे बैरूतमध्ये जन्मलेले, कैरोत राहणारे ख्रिस्ती लेखक. त्यांनी १८९२ साली ‘अल-हिलाल’ मासिक काढलं आणि इस्लामच्या इतिहासावर अरबीत वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. अरब घरांतल्या सामान्य वाचकांना आपल्याच इतिहासाची चटक त्यांनी लावली. १९१० साली तिथल्या नव्या विद्यापीठाने त्यांना इस्लामी इतिहास शिकवायला नेमलं आणि मग ख्रिस्ती माणूस हा विषय कसा शिकवणार अशी ओरड झाल्यावर नेमणूक मागे घेतली. ही लाजेची गोष्ट आहे. आता आपल्या शिबली नोमानींनी काय केलं ते बघा. त्यांनाही जैदान यांच्या इस्लामी संस्कृतीच्या इतिहासातली बरीच विधानं पटली नव्हती. त्यांनी ते ग्रंथ वाचले, मूळ साधनं काढली, आणि १९१२ साली अरबीत टीका छापून मुद्द्याला मुद्दा लावला. विद्यापीठाने माणूस हटवला आणि शिबलींनी पुस्तकाला उत्तर दिलं. आज आपल्याला शिबलींची टीका आठवते, ओरडणाऱ्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, कैरो आणि लखनौ दूर आहेत, हिंगोलीचं बोला. बोलते. हिंगोलीवाल्यांनो, तुम्हाला माहीत आहे का, जगातल्या एका गाजलेल्या कादंबरीच्या मुळाशी आपलं गाव आहे?

फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज निजामाच्या फौजेत अधिकारी होता आणि हिंगोलीच्या छावणीत राहिला होता. १८३९ साली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लंडनमध्ये छापली गेली आणि तिकडे वाचकांनी ती डोक्यावर घेतली. प्रस्तावनेत तो सांगतो की हिंगोलीचा हरिसिंग नावाचा इभ्रतदार व्यापारी त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला, आणि त्याच्याशी आपण स्वतःही देवाणघेवाण केली होती. हे झालं प्रस्तावनेत. कादंबरीचा नायक मात्र अमीर अली. नमाजी मुसलमान, भवानीचा कौल घेणारा, रुमालाने गळे आवळणारा, आणि कबुलीजबाब देताना पश्चात्तापाचा लवलेश नसलेला. ठगांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते, त्यामुळे टेलर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण हिंगोलीच्या बाजारातला ओळखीचा व्यापारी प्रस्तावनेत राहिला आणि कित्येक पिढ्यांच्या इंग्रजी वाचकांच्या डोक्यात बसला तो अमीर अली.

याच टेलरने पुढे चांदबिबीवर ‘अ नोबल क्वीन’ लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ साली आली. तिच्यात दख्खनची मुसलमान राणी शूर आहे, न्यायी आहे. लेखक तोच, मुलूख तोच. एका कादंबरीतून आपण फासेकरी निघालो, दुसरीतून सुलताना. दोन्ही वेळा लेखणी आपल्या हातात नव्हती.

आजही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत तुम्ही उभे राहिला असाल तर चौथीतली ती नजर तुम्हालाही भेटली असेल. पाठोपाठ औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा अशी मागणी उठली, आणि १७ मार्चला नागपुरात दंगल होऊन संचारबंदी लागली. त्याच्या दोन वर्षं आधी, जून २०२३ मध्ये, कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, पोलीस घरी आले. स्टेटस लावणारी पोरं तुमच्याच वयाची. मी त्यांना विचारलं असतं: बेटा, ज्या बादशहासाठी तू आईला पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसवलंस, त्याच्याविषयी एक तरी पुस्तक वाचलंस का? तो तुझा कोण? त्याची सनद काय?

याचा अर्थ दगड मारणाऱ्यांचं बरोबर होतं असा नाही. एका फोटोसाठी कुणाचं दुकान फोडणं हा गुन्हाच, तो कुणीही केला तरी. पण आपल्या पोरांना आपला इतिहास म्हणून एक घोडा, एक तलवार आणि एक बादशहा एवढंच दिलं, तर ती तेच घेऊन बाहेर पडणार. हा गुन्हा आपला आहे.

आणि ज्या खुलताबादवरून एवढं रान उठलं, ते आपल्याला तरी कुठे माहीत आहे! औरंगजेब १७०७ साली तिथे दफन झाला तो शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात, कारण त्याला त्यांच्या सावलीत जागा हवी होती. जैनुद्दीन त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीचे, १३६९ साली वारलेले. त्यांचे पीर बुऱ्हानुद्दीन गरीब, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादेला हलवली त्या उलथापालथीच्या काळात ते दख्खनेत आले आणि १३३७ साली इथेच मातीआड गेले. बुऱ्हानपूर शहराचं नाव त्यांच्यावरून पडलं. त्यांच्या बैठकीतलं बोलणं काशानी बंधूंनी लिहून ठेवलं. औरंगजेबाच्या साध्या कबरीवरून देशभर वाद होतो, आणि ज्यांच्या पायाशी त्याने जागा मागितली त्यांचं नाव मजलिसमधल्या शंभरांतल्या पाच पोरांना सांगता येणार नाही.

तिथेच अमीर हसन सिज्जी झोपले आहेत. माझ्या मनात कादंबरी घोळते ती त्यांचीच. कवी माणूस, नोकरी लष्करात. १३०८ सालापासून ते निजामुद्दीन औलियांकडे जात राहिले आणि तिथे झालेलं बोलणं घरी येऊन तारखेसकट टिपत राहिले. पुढे ते टिपण पीरांना दाखवलं. जिथे नीट ऐकू आलं नव्हतं तिथे जागा मोकळी सोडली होती, ती पीरांनी भरून दिली. तेच ‘फवाइदुल फुआद’. सनद याहून वेगळी काय असते? आणि त्यात आहे काय? एकदा अमीर हसन यांचा पगार थकलेला असतो, जीव टांगणीला लागलेला असतो. पीर त्यांना एका ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. त्याची सगळी मालमत्ता हाकिमाने जप्त केली, तरी तो खुशीत होता, कारण जानवं अजून त्याच्याजवळ होतं. थकलेल्या पगाराच्या मुसलमान शिपायाला धीर द्यायला दिल्लीच्या पीरांना ब्राह्मणाची श्रद्धा आठवली. तो शिपाई म्हातारपणी दख्खनेत आला आणि आपल्या मराठवाड्यात दफन झाला. यात तलवार नाही, जासूस बाई नाही. तरी मला सांगा, ही कादंबरी तुम्ही एका बैठकीत वाचून काढणार नाही का?

आणखी जवळ यायचं तर नरसीला चला. परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलेली नरसी आपल्याच हिंगोली तालुक्यात. औंढ्याचं नागनाथ मंदिर, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा सांगतात, तेही आपल्याच जिल्ह्यात. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यातल्या तिलंग रागातल्या पदात ते देवाला करीम म्हणतात, रहीम म्हणतात, अल्लाह म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. चौथीत कळलं असतं तर पुढच्या बाकावरच्या त्या मुलीला मीच सांगितलं असतं. ती दरवर्षी घरच्यांबरोबर नरसीच्या यात्रेला जायची.

आणि माझी दादी! ती जात्यावर बसली की दख्खनीत गुणगुणायची. त्यात पीर यायचे, अल्लाहचं नाव यायचं, मधेच माहेर यायचं. आम्हाला वाटायचं, म्हातारीचं आपलं काहीतरी. नंतर रिचर्ड ईटन यांचं विजापूरच्या सूफींवरचं १९७८चं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की याला चक्कीनामा म्हणतात. दख्खनच्या सूफींनी जात्याभोवती रचना केल्या, बायकांनी त्या दळताना गायल्या आणि त्यातून घराघरांत दीन पोहोचला. शेजारच्या मराठी घरात त्याच वेळी त्याच तालावर ओवी चालू असायची. इतिहासकाराला अमेरिकेतून येऊन जे ऐकू आलं, ते मला माझ्या घरात ऐकू आलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्या कानात घोड्यांच्या टापा होत्या.

‘शाहीन’चंही असंच झालं. ग्रॅनडा पडलं आणि कादंबरी संपली. मी औरंगाबादला शिकायला गेल्यावर पुढचं वाचलं. १४९२ नंतर स्पेनचे मुसलमान सव्वाशे वर्षं तिथेच राहिले. आधी जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले, १६०९ ते १६१४ या वर्षांत हाकलले गेले. मधल्या काळात अरबी बोलणं गेलं, अरबी किताबा बाळगणं गुन्हा झाला. तेव्हा त्यांनी काय केलं? शेजाऱ्यांची स्पॅनिश भाषा घेतली, तिला अरबी लिपी चढवली आणि तिच्यात दुआ लिहिल्या, मसले लिहिले, प्रेषितांच्या गोष्टी लिहिल्या. १८८४ साली अल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावात एक जुनं घर पाडताना फरशीखाली अशा हस्तलिखितांचा साठा निघाला. कुणीतरी त्या लपवल्या होत्या, परत येऊ या आशेने. कादंबरीने मला हरलेल्या सरदारांसाठी रडवलं. ज्यांनी हरल्यावर दीन सांभाळला ते लिहिणारे, शिकवणारे, फरशी उचकटून किताबा दडवणारे लोक कादंबरीत आलेच नाहीत. मला विचाराल तर ते सरदारांपेक्षा मोठे होते.

त्यांनी शेजाऱ्यांच्या भाषेत दीन लिहिला. आपल्याला तर मराठी कुणाकडून घ्यायचीही नाही, ती आपलीच आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पण मराठी मुसलमान संतकवींवरचं पुस्तक लिहिलं रा. चिं. ढेरे यांनी, सूफी संप्रदायावरचं लिहिलं निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींनी, इस्लामी संस्कृतीवर लिहिलं साने गुरुजींनी. या तिघांचे उपकार मी मानते. आणि मला लाजही वाटते. आपल्या दर्ग्यांचे उर्स आपण भरवले, चादरी चढवल्या, कव्वालीला पैसे उधळले. आणि लिहायचं काम शेजाऱ्यांवर सोडलं.

तेव्हा माझं म्हणणं असं. कादंबऱ्या वाचा. हिजाजी वाचा, शरर वाचा, सावंत वाचा, टेलरही वाचा. त्यांना घाबरू नका आणि कुणी झूट म्हणालं म्हणून लपवूही नका. पण वाचून झाल्यावर पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा: हे कुणी, कधी, कुणाला उत्तर म्हणून लिहिलं? यातलं काय घडलं आणि काय रचलं? यात कोण नाही? चौदाव्या शतकात इब्न खलदून यांनी आपल्या ‘मुकद्दमा’त नावाजलेल्या इतिहासकारांनाही असंच धरलं होतं. मूसा अलैहिस्सलाम यांच्या फौजेत सहा लाख माणसं असल्याचं मसऊदी सांगतो. एवढी फौज उभी कुठे राहणार, तिला खायला कोण घालणार, एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार कसं, असं त्यांनी विचारलं. मसऊदीला विचारता येतं तर यूट्यूबवरच्या भाईला का नाही?

ज्यांना उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही, त्यांनी लिपी शिका. मी बाविसाव्या वर्षी शिकले, सहा महिने लागले, रोज अर्धा तास. पहिली पूर्ण वाचलेली किताब ‘शाहीन’च होती, आणि या वेळी कंदिलाऐवजी ट्यूबलाइट होती व ऐकायला अब्बा होते. मधे मधे मी थांबून, हे खरं, हे बनवलेलं, असं सांगत होते. एका जागी ते म्हणाले, “ये भी झूट निकला क्या?” आणि हसले. नंतर म्हणाले, वाच, थांबू नको.

आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहा, मराठीत. अमीर हसन लिहा, जैनुद्दीन लिहा, जात्यावरची बाई लिहा. चुकाल. कुणीतरी अभ्यासक येऊन तुमच्या चुका काढेल. काढू द्या, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करा. पुढच्या वर्षी कुठल्यातरी चौथीच्या वर्गात एखादी मुलगी मागे वळून बघेल, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरीच्या दप्तरात ते पुस्तक असलं पाहिजे.

मजलिसवाल्या साहेबांनाही माझी विनंती आहे. पुढच्या वेळी पोरांना नॉवेल टाकून द्या म्हणू नका. सनद विचारायला शिकवा, ते इल्म तुमच्याकडे आमच्याहून जास्त आहे. तुम्ही शिकवलंत तर मी कनातीआडून उठून पुढे येईन आणि वही घेऊन बसेन.